तुम्ही विचारलंत म्हणून: मदतीच्या पानांचा फॉन्ट

"सॉफ्टवेअरच्या मदतीच्या पानांना कुठला फॉन्ट लावता?" हे मला हमखास विचारलं जातं. नाव सांगून मोकळी होते खरी, पण फॉन्ट निवडायला मी शिकले ते एका फोनमुळे.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवलं होतं. दुसऱ्याच दिवशी तिथल्या दिवाणजींचा फोन. "मॅडम, इथं 'रक्कम मरा' लिवलंय की ओ!"

जाऊन पाहिलं. जुना मॉनिटर, बारीक अक्षर, त्यात लक्ष जावं म्हणून मीच केलेलं ठळक. भ आणि म यांच्यात फरक तो केवढा! डावीकडचा छोटा वळसा आणि शिरोरेषेतली फट. ठळक केल्यावर दोन्ही बुजले होते. घ आणि ध यांचीही तीच गत. मी ते पान दहादा वाचलं होतं, पण मला काय लिहिलंय ते ठाऊक होतं, त्यामुळं डोळा आपोआप 'भरा' वाचून पुढं जायचा. दिवाणजींची घरची भाषा तेलुगू. त्यांनी जे दिसलं तेच वाचलं.

तेव्हापासून नमुन्याची एक ओळ ठेवलीय: 'घध धघ भम मभ दऱ्या दर्या १९ ९१'. तिला अर्थ नाही, मुद्दामच. अंदाजानं वाचताच येऊ नये. ती त्याच आकारात, तसल्याच स्वस्त मॉनिटरवर लावायची. अडखळलो की फॉन्ट बाद, कितीही देखणा असो.

माझ्याकडं मुक्ता आणि नोटो सान्स देवनागरी टिकले. नोटोत पानाची भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये सांगावं लागतं, नाहीतर ल आणि श हिंदी वळणाचे येतात. आकार १६ पिक्सेलच्या खाली नेत नाही. ओळींची उंची अक्षराच्या १.६ पट, कारण वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसतात. अक्षरांमधलं अंतर वाढवायचं नाही, शिरोरेषा तुटते. तिरपं अक्षर तर नकोच. देवनागरी पडल्यासारखी दिसते.

आणि फॉन्टची फाइल पानांसोबतच द्या. नाहीतर कारखान्यातल्या संगणकावर जो असेल तो लागतो, आणि पुन्हा दिवाणजींचा फोन.