डोंगरराज्याच्या राजाची डाळ

व्हिडिओ गेममधल्या काल्पनिक जगासाठी खाद्यसंस्कृती रचणे हे माझे काम आहे. हे काम म्हणजे पदार्थांना चमत्कारिक नावे देणे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात बराचसा वेळ पाऊस, जळण आणि व्यापाराच्या वाटा ठरवण्यातच जातो.

त्या दिवशी ४,००० मीटर उंचीवरच्या, झाडे नसलेल्या पठारावरील राज्याची शाही मेजवानी ठरायची होती. चित्रात राजासमोर गरगट शिजलेली डाळ आणि लाकडांच्या जाळावर भाजला जाणारा अख्खा बोकड होता. मी हरकत घेतली. त्या उंचीवर पाणी सुमारे ८७ अंश सेल्सिअसलाच उकळते, त्यामुळे डाळ शिजता शिजत नाही. आणि झाडेच नाहीत, तर इतका वेळ जाळायचे काय? लडाख आणि तिबेटमधल्या लोकांनी यावर जव भाजून दळून ठेवण्याचा तोडगा कधीच काढला आहे. ते पीठ लोणी घातलेल्या खारट चहात कालवले की जेवण तयार होते, आणि जळणाला याकचे वाळलेले शेण पुरते.

मी घरी भाजलेले जव सोबत नेले होते. भडभुंजा लाह्या फोडतो तसे ते तापलेल्या वाळूत टाकावे लागतात. वाळू कमी तापली तर दाणा नुसताच कडक होतो, नीट तापली की तडतडतो, उकलतो आणि खमंग वास सुटतो. दिग्दर्शकांनी मूठभर खाल्ले आणि विचारले, “पण राजाही हेच खाणार का?”

प्रश्न रास्त होता, आणि त्यातूनच त्या राज्याची श्रीमंती कशात आहे ते मला उमगले. तिथली श्रीमंती म्हणजे जळण. खाऱ्या सरोवरांचे मीठ खाली खोऱ्यात न्यायचे आणि बदल्यात डाळ व लाकूड जनावरांच्या पाठीवर वर आणायचे. ते दिवसभर जाळणे फक्त राजालाच परवडते. डाळ चित्रात राहिली, पण ती मऊ का, हे आता त्या राज्यातल्या पोरालाही ठाऊक असेल. तलवारीच्या मुठीवर महिनोन्‌महिने खर्च करणारी माणसे चुलीसाठी एक दुपार देतानाही कुरकुरतात, याचे मला वाईट वाटते.

डाळीवरची लाल तर्री काढायला मात्र चित्रकार तयार नाहीत. फिकट अन्न पडद्यावर उठून दिसत नाही, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. त्या थंडीत मिरची पिकणार नाही. लडाखच्या नदीकाठी काटेरी झुडपांवर बारीक, नारिंगी, आंबट फळे येतात. त्यांचा रस तुपात आटवला तर रंग टिकेल का, हे सध्या पाहते आहे.