तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या लोकांतलं कोणी लक्षात राहतं का?

लग्नात, सोसायटीच्या गणपतीत, अगदी रिक्षातसुद्धा, मी केबिन क्रू आहे असं कळलं की थोड्या वेळाने हा प्रश्न येतोच. "दारात उभं राहून सगळ्यांना नमस्कार करता, त्यातलं कोणी लक्षात तरी राहतं का गं?" विचारणाऱ्याला बहुतेक मी नाहीच म्हणेन असं वाटत असतं. पण राहतात. आणि लोक लक्षात ठेवणं हेच आमचं मुख्य काम आहे, चहा-सँडविच त्याच्यानंतर येतं, म्हणून जरा नीट सांगते.

बोर्डिंग चालू असताना मी दारात उभी असते तेव्हा मी तुमच्याकडे खरंच बघत असते. कोणाला धाप लागलीय, कोणाच्या तोंडाला दारूचा वास येतोय, कोणाचा हात प्लास्टरमध्ये आहे, बाई गरोदर असेल तर साधारण कितवा महिना असेल, कोण पहिल्यांदा बसतंय (ते लगेच कळतं, बोर्डिंग पास दोन्ही हातांनी धरलेला असतो). आणि त्याच वेळी उलट बाजूनेही बघायचं असतं, म्हणजे धडधाकट कोण आहे, वेळ आली तर मदतीला कोणाला हाक मारता येईल. त्यांना आमच्या भाषेत एबीपी म्हणतात, एबल बॉडीड पॅसेंजर. पुण्यात हे जरा सोपं जातं कारण इथला लोहगाव विमानतळ मुळात एअरफोर्सचा तळ, शिवाय एनडीए ही लष्करी अधिकारी घडवणारी संस्था इथे, एएफएमसी हे सैन्याचं मेडिकल कॉलेज इथे, त्यामुळे फ्लाइटमध्ये साध्या कपड्यातला एखादा फौजी बरेचदा असतोच. बारीक केस, ताठ पाठ, आणि वरच्या रॅकमध्ये बॅग पहिल्या फटक्यात बसवणारा. त्याचा सीट नंबर मी डोक्यात ठेवते, त्याला हे कधीच कळत नाही.

नावं मात्र लक्षात राहत नाहीत, नंबर राहतात. चौदा सी म्हणजे दम्यावाले काका, बावीस एफ म्हणजे एकटी निघालेली छोटी मुलगी. घरी आल्यावर आईला सुद्धा मी असंच सांगते, आज सव्वीस बी ला काय झालं माहितेय का.

आता हे सगळं कशाला, तर हिशोब बघा. आपल्याकडे नियम असा आहे की दर ५० सीटमागे एक क्रू, म्हणजे १८६ सीटच्या एअरबस ए ३२० मध्ये आम्ही चौघं. आणि विमान मंजूर होतानाची अट अशी असते की अर्धे दरवाजे बंद आहेत असं धरून सगळी माणसं ९० सेकंदात बाहेर पडली पाहिजेत. चार माणसांना हे जमायचं तर कोण कुठे बसलंय, कोणाला उठायला त्रास आहे, हे आधीच माहीत असायला लागतं, तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना रनवेवरच्या कोस्ट गार्डच्या विमानाला धडकलं आणि पेटलं. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले, पण प्रवासी विमानातले सगळेच्या सगळे ३७९ जण बाहेर आले. अनाउन्समेंटची सिस्टिम बंद पडली होती, क्रूने मेगाफोन घेतले आणि ओरडून सांगितलं, आठपैकी तीनच दारं वापरता येण्यासारखी होती, ती कुठली हे त्यांनी धुरात बघून ठरवलं. ते व्हिडिओ मी किती वेळा बघितलेत. आमच्यातल्या प्रत्येकाने बघितलेत.

टेकऑफच्या वेळी आम्ही जंपसीटवर, म्हणजे दाराजवळच्या आमच्या घडीच्या सीटवर, गप्प बसलेलो दिसतो ना, तेव्हा डोक्यात हेच चाललेलं असतं. त्याला सायलेंट रिव्ह्यू म्हणतात. माझं दार कुठलं, ते कसं उघडायचं, बाहेर आग असेल तर लोकांना कुठे वळवायचं, कमांड काय द्यायच्या, एबीपी कुठे बसलाय. टेकऑफनंतरची पहिली तीन आणि लँडिंगआधीची आठ अशी ११ मिनिटं सगळ्यात जपायची म्हणून शिकवतात, आणि म्हणूनच त्या वेळी कोणी बेल दाबून पाणी मागितलं तर आम्ही उठत नाही. लोक रागावतात, पण त्या वेळी न उठणं हेच काम आहे.

बरं, रोज काही आग लागत नाही, रोज जे होतं ते वेगळंच असतं. माणसं चक्कर येऊन पडतात. विमानातली हवा दाब देऊन ठेवलेली असते पण जमिनीवरच्या इतकी नाही, साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावी तशी विरळ असते. कळसूबाई ५,४०० फूट आहे. म्हणजे सकाळी सहाच्या फ्लाइटला रात्री दोनला उठून, काही न खाता आलेला माणूस तासाभरात कळसूबाईपेक्षा उंच जाऊन बसतो आणि तो जर उपाशी असेल, शुगरचा असेल, तर उठून बाथरूमला जाताना पडतो. आषाढी एकादशीला एक काका असेच पडले, आम्ही त्यांना तिथेच सीटमधल्या वाटेत आडवं केलं, पाय वर, ऑक्सिजन लावला, शुद्धीवर आल्यावर साखरपाणी देऊ केलं तर म्हणतात साखर चालेल ना उपासाला. मी म्हटलं काका चालते, विठ्ठल काही म्हणणार नाही, घ्या. आणि त्यांनी घेतलं, सगळं घेतलं.

मे महिन्यात चारधामचे ग्रुप असतात, पुण्याहून दिल्ली आणि पुढे बसने. नऊवारीतल्या, सत्तरी ओलांडलेल्या आज्या, सगळ्यांना एकसारख्या टोप्या. मला हे लोक फार आवडतात, अगदी मनापासून. मी मराठीत "आजी पट्टा लावू का" म्हटलं की त्यांचा चेहराच बदलतो, लगेच तू कुठली, लग्न झालं का, आईबाप कुठे असतात. त्यातल्या एका आजींचं खोबरं चेकइनला काढून घेतलं होतं, बद्रीनाथला वाहायला म्हणून घरून वाट्या बांधून आणल्या होत्या, आणि त्या रडवेल्या झाल्या होत्या, देवाचं काढून घेतलं म्हणून. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की सुकं खोबरं तेलकट असतं, बंद जागेत आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून ते विमानात चालत नाही. मी त्यांच्या शेजारी बसून नीट सांगितलं तर म्हणाल्या मग बरं केलं बाई, इतक्या माणसांचा जीव. एवढंच हवं होतं त्यांना, कारण. आपण म्हाताऱ्या माणसांना सूचना भरपूर देतो, कारण देतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि काही माणसं काहीच मागत नाहीत, ती सगळ्यात जास्त लक्षात राहतात. दिल्लीहून पुण्याच्या रात्रीच्या फ्लाइटला एकजण आले, हातात बॅग नाही, फक्त फोन, आणि दारातून आत येताना फोनवर बोलत होते, "मी येईपर्यंत नेऊ नका". एवढंच ऐकलं मी. सीट शेवटून दुसऱ्या रांगेत. मी आमच्या लीडला, म्हणजे क्रूच्या प्रमुखाला सांगितलं, पुढे एक जागा रिकामी होती, त्यांना पहिल्या रांगेत आणून बसवलं, उतरायच्या आधी ग्राउंड स्टाफला निरोप दिला. दार उघडल्यावर ते पहिले उतरले. त्या रात्री ते वेळेत पोचले का मला माहीत नाही, कळायला काही मार्गही नाही, पण एक डी मी विसरणार नाही.

तर पुढच्या वेळी दारात कोणी नमस्कार केला तर फोन क्षणभर बाजूला करून दोन शब्द बोला, कारण तुमच्या आवाजावरूनच आम्हाला निम्मं कळतं. छातीत दुखतंय, काल ऑपरेशन झालंय, उपास आहे, पहिलीच वेळ आहे, घरी कोणी गेलंय, काहीही असू दे, ते दारातच सांगा, लाजू नका. दार बंद व्हायच्या आधी कळलं तर विमानतळावरचा डॉक्टर बोलावता येतो, जागा बदलता येते, ग्राउंडवाल्यांना सांगता येतं. एकदा विमान वर गेलं की माझ्याकडे ऑक्सिजनची बाटली, औषधांची पेटी आणि प्रवाशांत कोणी डॉक्टर आहे का विचारायला माइक, एवढंच उरतं.