तुम्ही विचारलंत म्हणून: वही कुणाची?

अकरावीच्या बुककीपिंगची नवी बॅच सुरू झाली की पंधरा दिवसांत हा प्रश्न येतोच. हल्ली तर पालकही जिन्यात गाठून विचारतात, "मॅडम, बँकेत पैसे भरले की पासबुकात जमा दिसतं. मग तुम्ही मुलांना बँक नावे का लिहायला लावता?"

प्रश्न रास्त आहे. नावे म्हणजे डेबिट, जमा म्हणजे क्रेडिट. 'घेणाऱ्याचं खातं नावे, देणाऱ्याचं जमा' हे मुलं पाढ्यासारखं घोकतात. पण घेणारा कोण, हे कुणाच्या वहीतून बघायचं, तेच राहून जातं.

समजा, तुमचं तुळशीबागेत बांगड्यांचं दुकान आहे. गल्ल्यातले 5,000 रुपये बँकेत भरलेत. दुकानाच्या वहीत पैसे घेणारी बँक. म्हणून बँक नावे, रोख जमा. बँक तुमचं देणं लागते, म्हणजे ती तुमची ऋणको. आता काउंटरच्या पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसा. तिथल्या वहीत रोख आली, ती नावे. देणारे तुम्ही, तुमचं खातं जमा. पासबुक म्हणजे त्या पलीकडच्या वहीतल्या तुमच्या पानाची नक्कल. ते आपल्या पिशवीत असतं, म्हणून आपलं वाटतं इतकंच.

हे मला तरी कुठे वेळेवर कळलं होतं! शिकवण्या सुरू करण्याआधी रविवार पेठेत एका दुकानाची वही लिहायचे. एका मार्चअखेर तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाकींची यादी, जुळेना; दोन्ही बाजूंची बेरीज सारखी यायला हवी. फरक 1,800. दोन अंकांची अदलाबदल झाली की फरकाला नऊने भाग जातो; इथेही जातोय म्हटल्यावर वाटलं, आकडे उलटे पडलेत. 7,500 चे 5,700 केले की नेमका एवढाच फरक पडतो. दोन संध्याकाळी तसले आकडे शोधण्यात गेल्या. मग फरकाचं निम्मं केलं. 900. विम्याचा हप्ता! बँकेने तो परस्पर भरला होता. मी पासबुक बघून नोंद केली; तिथे नावे दिसलं, म्हणून आमच्या वहीतही बँक नावे. विमा खर्च नावे होताच. जमेच्या बाजूला कुणीच नाही. रक्कम चुकीच्या बाजूला गेली की फरक दुप्पट पडतो, हे मला पाठ होतं. तरी आधी नऊच्या मागे धावले. मालक काही बोलले नाहीत, चहा मात्र फक्त स्वतःपुरता मागवला.

तेव्हापासून उदाहरण सोडवायला घेतलं की आधी समासात लिहायचं: वही कुणाची? भांडवलाचंही कोडं मग सुटतं. मालकाने घातलेला पैसा 'देणं' कसा? वही दुकानाची आहे, मालकाची नव्हे; दुकान मालकाचं देणं लागतं. मालकाने दुकानातून घरी नेलेली साखरसुद्धा म्हणूनच उचल, म्हणजे त्याने स्वतःसाठी काढून घेतलेलं.

खरी परीक्षा बँक जुळवणी पत्रकात, म्हणजे आपलं रोख पुस्तक आणि पासबुक यांच्या शिलकांतला फरक जुळवताना. 'पासबुकाप्रमाणे नावे शिल्लक' वाचून मुलं खूश होतात. खरं तर तो ओव्हरड्राफ्ट, म्हणजे खात्यात होते त्याहून जास्त काढलेले, बँकेला देणं असलेले पैसे. रोख पुस्तकात 4,000 चा ओव्हरड्राफ्ट आहे आणि आपण दिलेला 1,500 चा चेक अजून वटायचाय, तर पासबुकात किती? निम्मा वर्ग 5,500 म्हणतो. चेक आपल्या वहीतून गेलाय, बँकेच्या वहीत पोचलेलाच नाही. तिथे अजून 2,500 च.