डोळ्याखालची जखम

बंड्याला घेऊन काका तिसऱ्यांदा दवाखान्यात आले तेव्हा मलाच अवघडल्यासारखं झालं. नऊ वर्षांचा कुत्रा, उजव्या डोळ्याखाली बोराएवढी सूज, मधोमध बारीक भोक आणि त्यातून झिरपणारा पू. आधीच्या दोन्ही वेळा मी अँटिबायोटिक आणि मलम देऊन त्याला घरी पाठवलं होतं. औषध चालू असेपर्यंत जखम सुकायची, बंद झालं की पुन्हा फुटायची. कुठेतरी घासलं असेल, खाजवत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

त्या दिवशी गर्दी नव्हती. मी बंड्याचा ओठ वर केला. खरं तर हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

डावीकडचे दात बऱ्यापैकी स्वच्छ. उजवीकडच्या दाढा मात्र दिसतच नव्हत्या. गिलावा केल्यासारखा तपकिरी किटणाचा थर, खाली लालभडक हिरडी, आणि वास असा की काकाही मागे सरकले. म्हणजे बंड्या कितीतरी दिवस एकाच बाजूने चावत होता. वापरातली बाजू चावताना थोडीफार घासली जाते, दुखऱ्या बाजूवर किटण चढत राहतं.

"पण डॉक्टर, खातो की नीट! ताटली चाटूनपुसून ठेवतो."

हे वाक्य मी रोज ऐकते. दात दुखतो म्हणून कुत्रा सहसा जेवण सोडत नाही. तो बाजू बदलतो, न चावता गिळतो. मांजरं तर दुखणं लपवण्यात त्याहून पक्की.

वरच्या जबड्यातल्या ज्या मोठ्या दाढेने कुत्रा कडक वस्तू फोडतो, तिला तीन मुळं असतात आणि त्यांची टोकं थेट डोळ्याखाली येतात. तिथे पू झाला की तो गालाची कातडी फोडून बाहेर पडतो. मी दोन महिने मलम लावत होते ते दाढेच्या गळवाला!

रक्त तपासून दुसऱ्या दिवशी भूल दिली. पाणी आणि किटणाचे कण फुप्फुसात जाऊ नयेत म्हणून श्वासनलिकेत नळी घातली. भूल न देता दात साफ करून मिळतात म्हणून लोक खूश होतात, पण ती वरवरची पॉलिश. खरी घाण हिरडीच्या आत असते आणि जागा असलेला कुत्रा तिथे हात लावू देत नाही. किटण निघाल्यावर दाढेवर उभी चीर दिसली. एक्स-रेमध्ये मुळांच्या टोकांशी काळी वर्तुळं. दाढ कापून तीन तुकडे केले, एकेक मूळ सुटं केलं. तिसऱ्याने चांगलाच घाम काढला. ४२ दातांपैकी एक गेला.

तुकडे ट्रेमध्ये बघून काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वाळकी हाडं मीच द्यायचो. दात साफ होतात म्हणून."

दहा दिवसांनी आले तेव्हा जखम पूर्ण बुजली होती. पण काकांना सांगायचं होतं वेगळंच. बंड्या पुन्हा दोरी ओढायला लागला होता. "दीड वर्ष खेळत नव्हता. मला वाटायचं, म्हातारा झाला."

यावर मला काही बोलता आलं नाही. मी ब्रश काढला. दातांवरचा मऊ थर दोन-तीन दिवसांत घट्ट व्हायला लागतो, त्यामुळे रविवारी एकदा घासून भागत नाही, रोजच हवं. आधी बोटाला ओलं फडकं गुंडाळून सवय लावायची, मग ब्रश. गालाकडची बाजू घासली तरी बरंचसं काम होतं. पेस्ट कुत्र्यांचीच, आपल्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं, ते कुत्र्यांना विषारी, आणि कुत्रा काही चूळ भरत नाही.

परवा काका लसीसाठी आले होते. मी विचारायच्या आतच त्यांनी बंड्याचा डावा ओठ वर करून दाखवला. दात चकचकीत.

"आणि उजवीकडे?"

"तिकडे अजून हात लावू देत नाही," काका म्हणाले. "रोज एक बोट पुढे सरकतोय."