एनसीसीचा पहिला कॅम्प: आधी पाय सांभाळा

'बी' सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसायचं तर एक तरी कॅम्प झालेला लागतो, म्हणून बहुतेक कॅडेट सीएटीसीला, म्हणजे एकत्रित वार्षिक प्रशिक्षण कॅम्पला, जातातच. दहा दिवसांचा मामला. निघताना सगळं लक्ष बेरे टोपीच्या आकारावर आणि बॅजच्या चकाकीवर. एमआय रूमबाहेरची, म्हणजे कॅम्पच्या दवाखान्याबाहेरची, रांग मात्र टाचा सोललेल्यांची.

नवेकोरे बूट थेट कॅम्पला नेणं हा शुद्ध वेडेपणा. निदान दोन आठवडे आधीपासून रोज तासभर घालून चाला, आणि तेही कॅम्पला वापरणार त्याच जाड मोज्यांवर. माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. नाड्या सैल करून पाय पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट जायला हवं. फोड घासण्याने येतो, पण घामाने ओली झालेली कातडी फार लवकर सोलते. म्हणून मोज्यांचे चार जोड न्या आणि दुपारच्या जेवणाला बदलाच. टाच चुरचुरायला लागली की तेव्हाच चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावलेली पट्टी काढताना कातडी घेऊन निघते. आलेला फोड फोडू नका, वरची कातडी तर मुळीच ओढू नका.

कदमताल, म्हणजे जागच्या जागी पावलं टाकणं, करताना पाय पूर्ण तळव्यावर पडू द्या. जोर दाखवायला टाच आपटणाऱ्यांच्या नडग्या दोन दिवसांत ठणकायला लागतात.

सावधानमध्ये उभं राहून कोसळणारे अशक्तच असतात असं नाही. गुडघे ताठ आवळून धरले की पोटऱ्यांचे स्नायू हलत नाहीत, रक्त पायांत साचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. गुडघे किंचित सैल ठेवा, बुटात बोटं हलवत राहा; ड्रिल शिकवणाऱ्या उस्तादांना दिसत नाही. नाश्ता टाळून परेडला जाऊ नका. गरगरलंच तर सरळ खाली बसा. ओरडा खाल्लेला परवडतो, हनुवटी फुटलेली नाही.

फायरिंगला .२२ रायफलच्या धक्क्याची भीती नको, तो नगण्य असतो. दचकायला होतं ते शेजारच्याच्या आवाजाने, आणि मग ट्रिगर हिसकला जातो. अर्धा श्वास सोडून थांबा, ट्रिगर हळूहळू दाबत न्या. पाचही गोळ्या एकाच ठिपक्यावर नेम धरून मारा. ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, मधल्या ठिपक्यापासून दूर पण घट्ट पडला तर साइटचं, म्हणजे नेम धरायच्या खुणेचं, बघता येतं; गोळ्या विखुरल्या तर पकड, श्वास किंवा ट्रिगर, यांतलंच काहीतरी दर वेळी बदलतंय.