तुम्ही विचारलंत म्हणून: छोट्या टाकीत कोणते आफ्रिकन सिक्लिड?

"दोन फुटी टाकी आहे, आफ्रिकन सिक्लिड ठेवायचेत. एकमेकांशी पटेल असे कोणते घेऊ?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. सिक्लिड हे गोड्या पाण्यातल्या माशांचं एक मोठं कुळ, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुतेक वेळा मलावी सरोवरातले निळे-पिवळे म्बुना सिक्लिड असतात. ते घेऊ नका. बोटाएवढी पिल्लं विकत मिळतात, पण वाढून दहा सेंटिमीटरच्या घरात जातात. 60 × 30 × 30 सेंटिमीटरच्या टाकीत 54 लिटर पाणी मावतं, तेही वाळू-दगड घालण्याआधी. तिथे दांडगा नर दुसऱ्याला हाकलतो तेव्हा हाकललेल्याला जायला जागाच नसते. त्यातल्या त्यात शांत समजला जाणारा पिवळा लॅबिडोक्रोमिससुद्धा मी 200 लिटरच्या खाली ठेवणार नाही.

या माशांची भांडणं बहुतेक जागेवरून होतात. म्हणून टाकीचा तळ केवढा आणि त्यावर किती घरं मांडता येतील, हे मी आधी पाहते. दोन फुटांत माझं उत्तर ठरलेलं आहे: एकच जात, आणि ती टांगानिका सरोवरातली मल्टी, म्हणजे निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅशिएटस. नर साडेचार सेंटिमीटरच्या आसपास, मादी त्याहून लहान. जगातल्या सगळ्यांत छोट्या सिक्लिडांपैकी हा एक. सरोवराच्या तळाशी निओथॉमा गोगलगायींच्या रिकाम्या शंखांचे थर साचलेले असतात, त्यांत हे राहतात, अंडीही तिथेच घालतात.

टाकीत पाच सेंटिमीटर बारीक वाळू पसरा आणि माशामागे दोन-तीन तरी रिकामे शंख ठेवा. तुम्ही शंख कितीही नीट मांडा, त्यांना ते पटत नाही. इवलासा मासा तोंडात वाळू भरतो, थोडं लांब जाऊन थुंकतो, परत येतो. शंख हळूहळू खाली बसतो आणि फक्त तोंड उघडं राहतं. शेजारचीची वाळू आपल्या दारात आली की मादी ती उचलून परत तिच्याच दारात टाकते! काही आठवड्यांनी शंखाच्या तोंडाशी पापणीच्या केसाएवढी पिल्लं दिसू लागतात. आई-बाप त्यांना हाकलत नाहीत. मोठी भावंडं आणि नवी पिल्लं एकाच वसाहतीत वाढतात. हे पाहायला मिळत असताना रंगाची उणीव मला कधीच जाणवली नाही.

टाकी तीन फुटी असेल तर सोबतीला टांगानिकातल्याच ज्युलिडोक्रोमिस ट्रान्सक्रिप्टस या सिक्लिडची एक जोडी चालते. एका टोकाला दगडांच्या कपारी, दुसऱ्या टोकाला शंख, मध्ये मोकळी वाळू. मल्टीचं एखादं पिल्लू ते खातील, तेवढं धरून चला. नर-मादी आपणच निवडून जोडी जुळवू नका. पाच-सहा पिल्लं घ्या, जोडी जमली की बाकीची दुसरीकडे द्या. आणि जमलेल्या जोडीचे दगड उगाच हलवू नका, मांडणी बदलली की ती फुटू शकते. ज्युलिडोक्रोमिसच्या दोन जाती एकत्र ठेवल्या तर संकर होतो. मल्टी आणि तिच्यासारखीच दिसणारी सिमिलिस यांनाही म्हणूनच वेगळं ठेवावं.

क्रिबेन्सिसचं काय, हेही विचारलं जातं. मासा सुरेख आहे. विणीच्या दिवसांत मादीचं पोट जांभळट लाल होतं. पण तो पश्चिम आफ्रिकेतल्या नद्यांचा, त्याला मऊ, म्हणजे कमी क्षारांचं पाणी आवडतं. टांगानिकाचं पाणी कठीण, पीएच 9 च्या जवळपास. एकाच खंडातले म्हणून दोघांना एका टाकीत ढकलू नका. क्रिबेन्सिसची एकच जोडी, गुहेसारखा आडोसा आणि वरच्या थरात पोहणारे शांत टेट्रा, अशी त्याची वेगळी टाकी करा.

आणखी एक, मल्टी घेणाऱ्यांसाठी. पीएच जितका जास्त तितका अमोनिया अधिक विषारी ठरतो. नव्या टाकीत अमोनिया आणि त्यापासून होणारं नायट्राइट संपवणारे फिल्टरमधले जीवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही चाचणीत शून्य येईपर्यंत मासे आणू नका. वाळू आणि शंख मात्र पहिल्याच दिवशी घालून ठेवा.