अंगठा

मंगळवार, रात्र. पाऊस आहेच.

काल रात्री पावणेदहा वाजता मी शाळेच्या फुटबॉल संघाची यादी मुलींच्या ग्रुपवर टाकली आणि दोन मिनिटांच्या आत आमच्या मोठ्या गोलीकडून पिवळा अंगठा आला. बाकीच्या मुलींनी नेहमीप्रमाणे फुले, टाळ्या आणि हसरे चेहरे पाठवले. तिच्याकडून फक्त अंगठा. यादीत तिचे नाव नव्हते असे नाही. ते होते, पण खाली, 'राखीव' ह्या शब्दानंतर. आणि गेली तीन वर्षे गोलीची जी पहिली जागा मी विचार न करता तिच्या नावाने भरत आले, तिथे धाकट्या गोलीचे नाव होते.

आज पहाटे मी मैदानावर पोहोचले तेव्हा ती माझ्या आधी आलेली होती. चिखल चुकवून तिने खुणेचे कोन लावले, जाळीतून बॉल काढले, आणि नंतर वीस मिनिटे धाकटीला उजवीकडून, डावीकडून, खालून, वरून बॉल मारून सराव दिला. एकही बॉल रागाने मारलेला नव्हता, हे मी मुद्दाम पाहत होते. सराव संपल्यावर, काहीतरी बोलले पाहिजे म्हणून, मी तिला विचारले, "काल यादी बघितलीस ना?" अंगठा पाठवलेल्या माणसाला हा प्रश्न विचारण्यात काय अर्थ होता, देव जाणे. ती बुटाची नाडी सोडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला कळलंच हुतं, मॅडम. शुक्रवारपास्नं तुमी माझ्याकडं बघून बोलत न्हवता."

आवाजात तक्रार नव्हती. आज पंचगंगेचे पाणी वाढले आहे, असे एखाद्याने सांगावे तसे तिने ते सांगितले आणि दप्तर उचलून पहिल्या तासाला गेली. मी मात्र दिवसभर त्या एका वाक्यापाशी अडकून पडले आहे.

निर्णयाबद्दल मला शंका नाही, हे आधी लिहून ठेवते. धाकटी रेषा सोडून पुढे येते, तिचा पाय चांगला आहे, मागून खेळ सुरू करता येतो. मोठी रेषेवर उभी राहून कोणताही बॉल अडवेल, पण पुढे यायला घाबरते, आणि ह्या वर्षी आमच्या बचावात उंच मुलगी एकही नाही. हे सगळे मी तिला सांगू शकले असते. शुक्रवारी सांगता आले असते, शनिवारी, अगदी काल संध्याकाळीसुद्धा. ती सायकल घेऊन माझ्याशेजारून चालत होती, फाटकापर्यंत. मी तिच्याशी गणिताच्या चाचणीविषयी बोलले.

आणि लाज वाटते ती ह्यासाठी, की तीन आठवड्यांपूर्वी ह्याच मुलींना चिखलात गोल बसवून मी इंग्लंडच्या महिला संघाची प्रशिक्षक सरिना वीगमन हिच्यावर पंधरा मिनिटांचे व्याख्यान दिले होते. २७ जुलैच्या रविवारी रात्री बाझेलला युरोची, म्हणजे महिलांच्या युरोपीय स्पर्धेची, अंतिम लढत झाली, इंग्लंडने स्पेनशी १-१ अशी बरोबरी केली आणि पेनल्टींवर ३-१ ने चषक राखला. आमच्या अर्ध्या मुलींनी ती घरच्यांच्या मोबाइलवर, पांघरुणात, पाहिली होती. हॅना हॅम्प्टनने दोन पेनल्टी अडवल्या म्हणून आमच्या दोन्ही गोली हवेत तरंगत आल्या होत्या. तेव्हा मी त्यांना सांगितले की हॅम्प्टन त्या जागी उभी होती ह्याचे कारण स्पर्धेच्या आधी एका बाईने एक अवघड गोष्ट तोंडावर सांगितली होती. मेरी अर्प्स ही साधी गोली नव्हे. २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन वर्षे फिफाने तिला जगातली सर्वोत्तम गोलरक्षक ठरवले आणि २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तिने पेनल्टी अडवली होती. त्याच अर्प्सला वीगमनने सांगितले की आता पहिली हॅम्प्टन, दुसरी तू. अर्प्स मे महिन्याच्या शेवटी निवृत्त झाली. आठवडाभरात फ्रान कर्बीही निवृत्त झाली, कारण संघात तिला जागा नसल्याचे वीगमनने तिलाही आधीच सांगितले होते. मग मिली ब्राइटने स्पर्धेतून माघार घेतली. वर्तमानपत्रांनी लगेच इंग्लंडच्या संघात फूट पडल्याचे लिहिले. "पण तिने लपवले नाही," असे मी मुलींना म्हणाले होते, आणि म्हणताना माझा हात हवेत होता. मोठी माझ्या अगदी समोर बसली होती.

ह्यातली सर्वांत टोचणारी गोष्ट मी तेव्हा मुलींना सांगितली नव्हती, ती आता आठवते आहे. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये वीगमनने इंग्लंडचा संघ हाती घेतला तेव्हा अर्प्स जवळपास दोन वर्षे देशाकडून खेळलेली नव्हती. तिचे नावही कोणी घेत नव्हते. वीगमनने तिला परत बोलावले, पहिली जागा दिली आणि तिच्या भरवशावर २०२२ चा युरो जिंकला. म्हणजे जिने वर आणले तिनेच समोर बसवून खाली उतरायला सांगितले. मोठीला आठवीत असताना हँडबॉलच्या मैदानावरून गोलात मीच आणून उभे केले होते. तिच्या आईची समजूत काढायला तीन वेळा घरी गेले होते, तीन वेळा चहा घेतला होता. एवढे सगळे केल्यावर चौथ्यांदा जायला माझे पाय का वळले नाहीत?

तो अंगठा तिचाच होता का, हाही विचार दुपारपासून डोक्यात आहे. मोबाइल तिच्या वडिलांचा आहे. त्यांनीच यादी वाचून अंगठा दाबला असेल आणि तिला सकाळी सांगितले असेल, किंवा सांगितलेच नसेल. पण मग 'शुक्रवारपास्नं' हे कुठून आले? शुक्रवारी मी नेमके काय केले, ते आठवण्याचा मी खूप प्रयत्न केला. सूचना देताना मी दोन्ही गोलींच्या मधल्या मोकळ्या जागेकडे पाहून बोलत होते, एवढेच आठवले. माझी चोरी चार दिवस आधी पकडली गेली होती आणि मला वाटत होते की मी फार कौशल्याने वागते आहे.

वीगमनविषयी मला एवढी आपुलकी का, हे हेडबाईंनी एकदा विचारले होते. खरे उत्तर असे की तीही पी.टी.ची बाई होती. हेगमध्ये जन्म, १९६९ चा. सहा वर्षांची असताना जुळ्या भावाबरोबर मुलांच्या संघात खेळायची. मुलींना तेव्हा परवानगी नव्हती, म्हणून केस बारीक कापलेले. नेदरलँड्समध्येच नव्हे, इंग्लंडमध्येही १९२१ साली फुटबॉल संघटनेने मुलींना आपल्या क्लबांच्या मैदानांवर बंदी घातली आणि ती पुढे जवळजवळ पन्नास वर्षे टिकली, हे वाचल्यापासून आपल्याकडच्या गोष्टींबद्दल मी जरा कमी चिडते. १९८९ साली ती वर्षभर अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनाच्या विद्यापीठात खेळली, तिथे पुढे जगप्रसिद्ध झालेली मिया हॅम तिच्या संघात होती. मुलींचा खेळ गंभीरपणे घेतला तर काय होते हे तिने तिथे पाहिले आणि घरी परतून पुन्हा काहीच नसल्याचेही पाहिले. मग शाळेत नोकरी, संध्याकाळी सराव, देशासाठी शंभराच्या आसपास सामने. २००७ मध्ये एडीओ डेन हाख ह्या क्लबने मुलींचा संघ काढला तेव्हा तिने शाळा सोडली. पाच वर्षांनी तो संघ लीग आणि चषक दोन्ही जिंकला.

तिने शाळा सोडली तेव्हा ती सदतीस वर्षांची होती. मी सदतीस वर्षांची होते तेव्हा माझ्या दारात कोणताही क्लब आला नव्हता. आली होती ती मतदार यादीची ड्यूटी. इथे कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार ह्या संघांचा सामना असला की गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते, पेठांतली पोरे पाळण्यातच रंग ठरवून घेतात, आणि त्याच गावात माझ्या मुलींचा सामना दोन वडील, एक आजी आणि चुकून थांबलेला रिक्षावाला पाहतात. मैदान शनिवारी मिळेल की नाही हे शुक्रवारी कळते. शिट्टीसुद्धा माझ्या पैशांची आहे. मला स्वतःला एका शिबिरातून कसे परत पाठवले होते, ते लिहायला बसले तर पहाट होईल, म्हणून ते राहू दे.

वरचा परिच्छेद पुन्हा वाचला आणि मलाच हसू आले. शिट्टीच्या पैशांचा आणि शुक्रवारी नजर चुकवण्याचा काय संबंध? गॅलरी भरलेली असती तर मी तिच्याशी सरळ बोलले असते का? उलट पाच हजार माणसांसमोर मी आणखी लांब पळाले असते. वीगमनच्या आणि माझ्या पी.टी.च्या तासांत साम्य शोधणे म्हणजे आमच्या गल्लीतल्या पैलवानाने आपणही लाल मातीतच लोळतो म्हणून खाशाबा जाधवांशी नाते सांगण्यासारखे आहे. तिने सलग पाच मोठ्या स्पर्धांत अंतिम फेरी गाठली: २०१७ चा युरो आणि २०१९ चा विश्वचषक नेदरलँड्सबरोबर, मग २०२२, २०२३ आणि २०२५ इंग्लंडबरोबर. तिन्ही युरो जिंकले, दोन्ही विश्वचषक अंतिम सामन्यात हरले. माझ्या सलग पाच मोसमांचा हिशेब इथे मांडत नाही. उपांत्य फेरी हा शब्द त्यात एकदा येतो आणि तोही समोरचा संघ आलाच नाही म्हणून.

तरीही तिचा तो सरळपणा माझ्या डोक्यातून जात नाही, कारण तो मला वाटला होता तेवढा सोपा नसावा, असे आता वाटू लागले आहे. २०१७ मध्ये, मायदेशातल्या युरोच्या वेळी, तिने कर्णधार मांडी व्हान डेन बेर्खची संघातली जागा काढून घेतली आणि शेरीडा स्पित्सेला कर्णधार केले. सगळे सहा सामने जिंकले, एन्स्खेडेला डेन्मार्कवर ४-२ असा विजय मिळाला, आणि सर्वांनी तिच्या धाडसाचे कौतुक केले. पण संघ आनंदात नाचत असताना मांडीला काय वाटत असेल, हा विचार मला आजवर एकदाही शिवला नव्हता. २०२२ मध्ये सहाही सामन्यांत पहिल्या त्याच अकरा जणी. एला टून आणि अलेशिया रुसो कायम बाकावरून आल्या आणि दोघींनी गोल केले. अंतिम सामन्यात वेम्बलीवर ८७,१९२ माणसांसमोर जर्मनीविरुद्धचा पहिला गोल टूनचा आणि जादा वेळेतला दुसरा क्लोई केलीचा, तीही बाकावरूनच आलेली. आपले काम काय आहे हे त्यांना ठाऊक होते, असे मी मुलींना सांगत असते. स्टेफ हॉटनची गोष्ट मात्र मी सांगत नाही. इंग्लंडसाठी १२१ सामने खेळलेली ही कर्णधार दुखापतीतून परत आली, तिच्याकडचे कर्णधारपद लिआ विल्यमसनकडे गेले आणि त्या संघात तिची निवड झाली नाही. ते दुःख तिने नंतर जाहीरपणे बोलून दाखवले. म्हणजे तोंडावर सांगितले तरी समोरच्याला लागते ते लागतेच. मग फरक कुणाला पडतो? सांगणाऱ्याला?

इथे मी पाच मिनिटे पेन खाली ठेवून बसले होते.

२०२२ च्या त्या स्पर्धेच्या काही आठवडे आधी वीगमनची बहीण वारली होती. शेवटची शिट्टी झाल्यावर ती मनगटावरच्या बहिणीच्या कड्याला ओठ लावते, ते दृश्य मी कितीदा पाहिले असेल. महिनाभर ती बाई रोज अकरा जणींची नावे वाचत होती, उरलेल्यांच्या डोळ्यांत पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत काय होते हे कुणालाही दिसले नाही. मला एका चौदा वर्षांच्या मुलीसमोर एवढेही जमले नाही, असे लिहिणार होते. पण मोठी आता सोळाची आहे. चौदाची धाकटी. माझ्या डोक्यात मोठी अजून आठवीतच आहे, हे आत्ता लिहिताना कळले.

आणि मला तिच्यापुढे वाईट व्हायचे नव्हते, हे तर उघडच आहे. यादीने वाईट व्हावे, ग्रुपने व्हावे, पावणेदहाच्या वेळेने व्हावे. मी सकाळी आपली नेहमीसारखी मैदानावर, 'काय ग, जेवलीस का' म्हणायला मोकळी. तिने मात्र बॉल मारून दिले. ह्या युरोत स्वीडनविरुद्धच्या सामन्यात हॅम्प्टनच्या नाकातून रक्त येत होते आणि ती तशीच पेनल्टी अडवायला उभी राहिली, ह्याचे मी त्या दिवशी केवढे वर्णन केले होते. आज वीस मिनिटे माझ्यासमोर जे चालले होते, त्याचे वर्णन करायला मात्र व्याख्यान सुचले नाही.

उद्या पहाटे तिला बाजूला घेऊन बोलायचे, असे ठरवले आहे. काय बोलायचे हे ठरत नाही. तू रेषेवर थांबतेस, हे सांगायचे. शुक्रवारचे कबूल करायचे. दोन्ही एकदम सांगितले तर दुसऱ्याने पहिल्याची धार जाईल, आणि पहिले सांगणे तर गरजेचे आहे, कारण पुढच्या वर्षी तिला कॉलेजच्या संघात जायचे आहे आणि तिथला प्रशिक्षक तिच्या आईकडे चहाला जाणार नाही.

एवढे लिहून होते न होते तोच मोबाइल वाजला. तिच्या वडिलांच्या नंबरवरून, पण शब्द तिचे: "मॅडम उद्या पाऊस आसला तरी ग्राउंड हाय का". मी वाचले, आणि हात आपोआप गेला, आणि मी तिला अंगठा पाठवला.

पाठवल्यावर पाहिले. दोन निळ्या खुणा आल्या आहेत. आता फोन लावावा तर साडेदहा वाजले आहेत, आणि तिचे वडील चारला उठून डेअरीवर जातात.